गेणबांच्या भिंतीवरचा ऊस

भिगवणला हायवे सोडून बाजाराकडे वळलं की आधी मासळीचा वास येतो आणि तो मागे पडला की टर्पेंटाइनचा. तिथे झुंबर पेंटरचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं मोठेपणा द्यायचा म्हणून. पत्र्याची एक खोली, तिच्यात रंगाचे डबे, एक शिडी, एक मोडकी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर बहुतेक वेळा कोणी नसतं. झुंबर दुकानात सापडला तर तो झुंबर कसला! कुठल्यातरी हॉटेलच्या भिंतीवर तो लोंबकळत असतो, नाहीतर कालव्याच्या भरावावर टक लावून बसलेला असतो. आडनाव नगरे, पण झुंबर नगरे कुठं राहतो असं विचाराल तर सख्खा शेजारीसुद्धा डोकं खाजवेल. पेंटर म्हणा, की शेंबडं पोरही तुम्हाला दारात आणून सोडेल.

त्याचे वडील अप्पा आधी नदीत आणि धरण झाल्यावर उजनीच्या फुगवट्यात जाळं टाकायचे. घरात चार पिढ्या मासळीशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि हे पोर मात्र होडीच्या फळीवर कोळशाने डोंगर काढत बसायचं. अप्पांनी दोन-चारदा कान पिळून बघितला. मग एकदा फळीवर त्यांचंच तोंड निघालं, मिशीसकट, आणि ते इतकं हुबेहूब होतं की अप्पांनी कान सोडून दिला आणि फळी धुवायची बंद केली. पुढे ती होडी विकली तेव्हासुद्धा गिऱ्हाइकाला म्हणाले होते, "एवढं तोंड पुसू नगा, बाकी होडी तुमची."

शाळेत चित्रकलेला ढवळे सर होते. झुंबरच्या सगळ्या आयुष्याला वळण लागलं ते या सरांच्या वर्गातल्या एका जुन्या कॅलेंडरामुळे. त्याचं असं झालं, की जवळच्या साखर कारखान्याची जुनी यंत्रं स्कॉटलंडहून आलेली होती. त्या यंत्रवाल्यांनी कधीतरी भेट म्हणून पाठवलेलं कॅलेंडर कारखान्याच्या कचेरीत धूळ खात पडलं होतं. सरांचा मेहुणा तिथे कारकून. त्याने ते सरांना दिलं आणि सरांनी वर्गात टांगलं. साल कधीच उलटून गेलेलं, त्यामुळे तारखांचा कुणाला उपयोग नव्हता. पण बारा महिन्यांची बारा चित्रं होती आणि ती सगळी एकाच माणसाची, शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा स्कॉटिश चित्रकाराची. धुक्यात बुडालेले डोंगर, काळंशार तळं, आणि तळ्याच्या काठी तांबड्या गायी. त्या गायींच्या अंगभर लांब केस आणि डोळ्यांवर झुलपं. ही गाय की अस्वल, यावर वर्गात पैजा लागल्या होत्या.

शेवटच्या पानावर त्या चित्रकाराची हकिगत बारीक इंग्रजीत छापली होती. सर ती अडखळत अडखळत मराठीत सांगायचे. विणकराचा मुलगा. लहानपणी बाप गेला. तरुणपणी पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि जरा सवड मिळाली की पाठीवर सामान टाकून डोंगरात निघून जायचा. पाऊस आला तर छत्री चित्रावर धरायचा आणि स्वतः भिजायचा. पुढे नाव झालं, शहरातल्या बड्या लोकांनी त्याची चित्रं दिवाणखान्यात लावली. ते म्हणाले, आता इटलीला जा, तिथलं ऊन काढ. तो म्हणाला, आमच्या खोऱ्यातलं संपलं की जातो. म्हातारा होऊन वारला, पण खोऱ्यातलं काही संपलं नाही. झुंबरने विचारलं, "सर, नाव काय वो त्याचं?" सरांनी ते दोनदा उच्चारून बघितलं. दोन्ही वेळा वेगळं आलं. शेवटी म्हणाले, "स्कॉटलंडचे तात्या म्हण." झुंबर त्या दिवसापासून तसंच म्हणतो.

त्याने तात्यांना गुरू केलं, आणि इथेच बिचाऱ्याची गफलत झाली. तात्यांचं सांगणं होतं, आपल्या दारचं काढा. झुंबरने उचलले ते तात्यांचे डोंगर.

एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, दोन्हींत 'ए' ग्रेड. पुण्याला चित्रकलेच्या शाळेत जायचं म्हणून ढवळे सरांनी अप्पांपाशी शब्द टाकला. पण त्याच वर्षी अप्पांच्या कमरेने दगा दिला आणि जाळं ओढायला घरात दुसरा माणूस नव्हता. झुंबरने कुरकुर केली नाही. पहाटे जाळं, दिवसा बारामतीत एका पाटीवाल्याच्या हाताखाली काम, असं त्याचं सुरू झालं. तात्यांनीही आधी पाट्याच रंगवल्या होत्या, हे त्याच्या मनाला फार बरं वाटायचं. तोंडात पाट्यांचा रंग गेला तरी तो हसायचा.

बारामती एमआयडीसीची वाढ त्याने ब्रशच्या टोकावरून बघितली. कारखान्यांच्या कंपाउंडवरची नावं, दुधाच्या टँकरवरच्या गायी, ठिबक सिंचनाच्या जाहिराती, निवडणुकीतली चिन्हं, सगळं हाताने. अक्षराच्या वळणावरून पेंटर ओळखायचे दिवस होते ते. सकाळच्या पाळीला मोटारसायकलवरून जाणारे कामगार शिडीवरच्या झुंबरला हात करून जायचे आणि संध्याकाळी परतताना अक्षरं किती पुढे सरकली ते बघायचे. त्या कमाईवर लग्न झालं. बायको फुलाबाई, स्वभावाने सरळ, जिभेने त्याहून सरळ. बाजारात मासळी विकायची, आणि कोणी चिलापी माशाला नाक मुरडलं तर त्याचं नाक जाग्यावर आणून ठेवायची.

मग फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला झुंबरला दोन दिवस लागायचे ती मशीनमधून चहा पिऊन होईतो बाहेर पडायला लागली, वर तिच्यावर फोटोही. पेंटर लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. कोणी रिक्षा घेतली, कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली. झुंबरला वाचवलं ते भिंतींनी. लोकांना घराच्या हॉलमध्ये आणि हायवेवरच्या मासळीच्या हॉटेलांत सिनेरी पाहिजे होती, आणि सिनेरी छापून चिकटवली की दोन पावसाळ्यांत पोपडे धरते हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. सिनेरी हातानेच काढायची आणि ती झुंबरनेच काढायची, असं ठरून गेलं.

आता सिनेरी म्हणजे बर्फाचे डोंगर, तळं, तळ्याकाठी लाल छपराचं घर. इंदापूर तालुक्यात उन्हाळ्यात अंगाची लाही होते, तिथे माणूस घामाने निथळत मटणाचा रस्सा ओरपतो आणि समोरच्या भिंतीवर बर्फ बघतो. झुंबरला हे डोंगर डोळे मिटून काढता यायचे. फक्त गायींवरून कटकट व्हायची. तांबड्या, केसाळ गायी बघून गिऱ्हाईक दचकायचं. एका दूधवाल्याने तर स्पष्ट सांगितलं, "पेंटर, असलं जनावर भिंतीवर बघितलं तर माझ्या गोठ्यात दूध आटल. एचएफ काढा." तेव्हापासून तालुक्यातल्या सगळ्या स्कॉटिश तळ्यांच्या काठी काळ्यापांढऱ्या एचएफ गायी चरतात. तात्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते, या विचाराने झुंबर कधीकधी एकटाच खुदकन हसायचा.

चाळिशी उलटल्यावर त्याला आपली गफलत कळली. कशाने कळली ते तोही सांगू शकत नाही. कालव्याच्या भरावावर गाडी पंक्चर झाली म्हणून बसला होता एवढंच खरं. समोरचा फड नुकताच तुटला होता. जिथे वर्षभर उसाची भिंत होती तिथे एकदम मैलभर मोकळं दिसत होतं. पाचटाचा पिवळा पट्टा, त्यापलीकडे लिंबाचं एक झाड, त्यापलीकडे फुगवट्याचं पाणी आणि पाण्यावर ऊन. हे सगळं रोज तिथेच होतं आणि आपण तात्यांच्या खोऱ्यात हिंडत होतो, असं त्याच्या मनात आलं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि लगेच फार आनंदही झाला. पंक्चरवाला आला तरी तो उठेना.

तेव्हापासून त्याचा शिरस्ता पडला. उसाच्या मुलखात माणसाला लांबचं दिसत नाही. ऊस डोक्यावर गेला की वाटेने चाललं तरी दोन्ही बाजूंना हिरवं, वर आभाळाची पट्टी. लांबचं बघायचं तर तोड सुरू व्हावी लागते. म्हणून कारखान्याचं बॉयलर पेटलं की झुंबरचा चित्रांचा हंगाम सुरू. ऊसतोडीच्या टोळ्या कुठं उतरल्या, कुणाचा फड पडला, याची खबर तो ऊसवाल्यांपेक्षा आधी काढायचा. तुटलेल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा पुन्हा गुडघ्याला लागेपर्यंत त्या रानातून जे दिसतं ते काढून घ्यायचं. कॅनव्हास परवडायचा नाही, म्हणून उतरवलेले फ्लेक्स आणायचा, मागच्या बाजूला प्रायमरचा हात मारायचा आणि त्यावर रंगवायचा. पुढून कुणातरी दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आणि मागून उजनीचं पाणी. ज्या फ्लेक्सने त्याचा धंदा बुडवला त्याच्याकडून त्याने असं भाडं वसूल केलं.

ही चित्रं बघितली कोणी? फुलाबाईने. तिने त्यातलं एक सरपणावर झाकायला घेतलं, पण चित्र आतल्या अंगाला ठेवून, ऊन लागू नये म्हणून. बाकीची गुंडाळ्या होऊन खाटेखाली गेली. मुलगी निकिता एमआयडीसीत कामाला लागली, तिने बापाची त्यातली एक-दोन चित्रं मोबाइलवर टाकून दिली. अंगठे आले, गिऱ्हाईक आलं नाही. झुंबरला एकच इच्छा होती. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं एक तरी चित्र कुणाच्या तरी भिंतीवर राहावं. चार माणसांनी जेवताखाताना ते बघावं, त्यांच्या पोरांनी बघावं. साठीला टेकला तरी तशी भिंत मिळाली नव्हती. तो काही रडतबिडत बसला नव्हता. बर्फाचे डोंगर रंगवायचा, मासळी खायचा, मजेत असायचा. पण एखाद्या कोऱ्या भिंतीपुढे उभा राहिला की डबा उघडायच्या आधी ती हाताने चाचपून बघायचा.

ती भिंत मिळाली गेणबांच्या नव्या बंगल्यात, लोणी देवकरच्या अलीकडे.

गेणबा म्हणजे जुने ऊस बागायतदार. एकरी उताऱ्यात कारखान्याने त्यांचा तीनदा सत्कार केलेला. शाल, श्रीफळ आणि पितळी ट्रॉफ्या. ट्रॉफ्यांसाठी नव्या हॉलमध्ये काचेचं कपाट केलं होतं आणि त्याच्या बरोबर समोरची भिंत सिनेरीसाठी कोरी ठेवली होती. मुलगा विजयसिंह औद्योगिक वसाहतीत गाड्यांचा ठेका घ्यायचा. त्याने मोबाइलवर स्वित्झर्लंड काढून दाखवलं. "काका, असं पाहिजे. पाणी निळंशार, आणि मागं बर्फ."

झुंबरने मान हलवली. बर्फ त्याच्या बोटांत होताच. तेवढ्यात आतून गेणबांची बायको बनाबाई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "बर्फ कशाला वो? आपलं रान काढा की. हितं बसलं की आपलं रान दिसलं पायजे."

विजयसिंह हसला. "आई, रान तर खिडकीतून दिसतंय."

"खिडकीतनं तुझ्या गाड्या दिसत्यात," बनाबाई म्हणाली.

गेणबा सुपारी कातरत होते. त्यांना बायकोचं म्हणणं एकदम पटलं. "काढ, पेंटर. माझा ऊस काढ. पावन्यानं दारातनं आत पाय टाकला की म्हनला पायजे, ह्यो गेणबाचा ऊस."

झुंबर त्या दिवशी घरी कसा आला हे त्याचं त्याला ठाऊक नाही. फुलाबाईला म्हणाला, "अगं, मिळाली भिंत." तिने खवले काढायची सुरी खाली ठेवली आणि पदराने हात पुसले. मग म्हणाली, "आता नीट काढा. घाई करू नगा." तिच्या तोंडून एवढं मऊ बोलणं म्हणजे मोठाच समारंभ होता.

तो गेणबांच्या रानात सकाळीच जाऊन बसायला लागला. थंडीचे दिवस. यंदा टोळ्या कमी आल्या होत्या, तोड लांबली होती, आणि खालच्या मळ्यातला ऊस अजून उभा होता. सूर्य वर आला तसा त्या सबंध मळ्यावर उजेड पेटल्यासारखा झाला. उसाला तुरा आला होता. शेंड्याशेंड्यावर रुपेरी, किंचित जांभळट पिसारे. वारा आला की सगळा मळा एका अंगाला कलायचा आणि रंग बदलायचा. झुंबर रंग कालवायचं विसरला. असा उजेड त्याने तात्यांच्या बाराही महिन्यांत बघितला नव्हता.

काम करताना भिंतीवर पडदा टाकून ठेवायची त्याची जुनी सवय. अर्धवट सिनेरी बघितली की घरातला प्रत्येक जण सल्ला देतो, कुणाला झाड डावीकडे हवं, कुणाला हरीण. म्हणून एक भला मोठा फ्लेक्स टांगून त्याच्यामागे त्याचं काम चालायचं. गेणबांनी एकदा डोकावायचा प्रयत्न केला, तर हा म्हणाला, "आबा, घास शिजूंदे." गेणबा हसून मागे फिरले. दरम्यान मळ्यात टोळी उतरली, ऊस तुटून गेला, पण भिंतीवर तो उभाच होता.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी पडदा काढला. भाऊकीतली चार माणसं मांडवासाठी आली होती, तीही समोर उभी होती. भिंतभर ऊस, आणि उसावर तुऱ्यांचा तो रुपेरी उजेड, मागे फुगवट्याचं पाणी. विजयसिंहसुद्धा "आयला" म्हणाला. झुंबरचा ऊर भरून आला.

मग भाऊकीतल्या इंद्रजितने तोंड उघडलं. "आबा, तुरा लई आलाय की! यंदा टोळी येळेवर गावली न्हाय व्हय?"

बाकीचे हसले. वाईट मनाने नाही, आपलं माणूस सहज हसतं तसं. पण गेणबांचा चेहरा पडला. तुरा आला म्हणजे ऊस वेळेवर तुटला नाही. कांडी आतून पोकळ पडते, वजन घटतं, साखर उतरते. ऊसवाला तुरा बघतो तो कपाळाला आठ्या घालूनच. तीनदा सत्कार झालेल्या माणसाच्या हॉलमध्ये, ट्रॉफ्यांच्या समोर, जन्मभर पुसली जाणार नाही अशी त्याच्या पडत्या वर्षाची जाहिरात रंगवून ठेवली होती. या मुलखात तुरा म्हणजे काय हे दुसरीतल्या पोराला कळतं. त्यालाही कळत होतं. इतके दिवस तुऱ्यापुढे बसून एकदाही मनात आलं नाही, याला काय म्हणावं!

"पेंटर," गेणबा सावकाश म्हणाले, "माझ्याच घरात माझी इज्जत टांगलीस व्हय रं?"

"आबा, माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

"तुला तुरा ठावं न्हाय?"

"ठावं हाय. पर..." झुंबर भिंतीकडे बघत म्हणाला, "दिसला तसा काढला."

विजयसिंहने मधला मार्ग काढला. त्याला उद्याच्या पंगतीची काळजी होती. "काका, एवढं काय न्हाय. वरचं पांढरं तेवढं हिरवं करून टाका. संध्याकाळपातूर होईल."

होईल, हे झुंबरला ठाऊक होतं. सगळे मांडवाकडे गेले. गेणबा मात्र खुर्चीत तसेच बसून राहिले, भिंतीकडे पाठ करून. झुंबरने डबा उघडला, हिरवा कालवला, शिडी लावली आणि वर चढला. भिंत त्यांची होती. हट्ट करायचा त्याला हक्क नव्हता. पण सगळ्या चित्रातला उजेड त्या तुऱ्यांतून येत होता. ते गेले की मागे उरणार ती हिरवी भिंत, तालुक्यात वाटेवाटेला आहे तशी, जिच्यापलीकडचं काही दिसत नाही. त्याला रडू फुटायचं बाकी होतं. शिडीवर साठ वर्षांचा माणूस रडताना बरा दिसत नाही म्हणून त्याने ओठ दाबून धरला आणि पहिल्या तुऱ्याला ब्रश लावला.

"थांबा वो," मागून बनाबाई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठाने भरलेले. तिने झुंबरकडे बघितलं नाही, नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं.

"तुरा राहूंदे."

"अगं, तुला काय कळतंय?" गेणबा म्हणाले.

"मला आवडतोय त्यो."

गेणबा वळले. "काय आवडतोय?"

"तुरा." बनाबाई दोन पावलं आत आली. "लगीन होऊन आले तवापास्नं आवडतोय. माझ्या माहेरी कोरडवाहू रान, तितं ऊस कुठला? हितं आले आनि पयल्याच थंडीत बघितला. वाटलं, समदं रान फुललंय. तुमाला सांगायला आले, तर तुमी अन् मामंजी तोंड पाडून बसलेलं. वजन गेलं, वजन गेलं. मग कसं सांगू? घरात सुतक असल्यागत आनि मी म्हनू व्हय, काय झ्याक दिसतंय?"

गेणबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मग दर साली लपून बघायची," बनाबाई म्हणाली. "गवताला जाते म्हनायचं आनि बांधावर जाऊन उभं ऱ्हायाचं. ज्या साली यायचा न्हाय त्या साली तुमच्या संगं मीबी खूश व्हायची. पर आत वाटायचं, यंदा काय दिसलं न्हाय बगा."

शिडीवर झुंबर हलेना. ब्रशवरचा हिरवा थेंब खाली फरशीवर पडला, तो पुसायलाही कोणी उठलं नाही. गेणबा बायकोकडे असे बघत होते, जणू ही बाई आजच घरात आली आहे. एवढी वर्षं एका ताटात जेवलेली बायको आपल्याच बांधावर चोरून उभी राहत होती, आणि तेही आपल्या भीतीने नव्हे, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. म्हाताऱ्याला ते सोसेना. त्यांनी उगाच सुपारीचा बटवा उघडला, बंद केला.

"म्हनायचं की एकदा," ते शेवटी म्हणाले.

"तुमचं वजन घटल्यावर?"

गेणबा उठले. भिंतीजवळ गेले. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पहिल्यांदाच ते चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली.

"उतर, पेंटर. ह्या उसाला कुठं वजनकाट्यावर जायचंय!"

झुंबर उतरला. हिरवा लागलेला तो एक तुरा त्याने चिंधीने हलक्या हाताने पुसला आणि पुन्हा रुपेरी केला. आता त्याचे डोळे खरंच वाहत होते, आणि त्याने ते वाहू दिले.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीला माणूस मावत नव्हतं. फुलाबाई निकिताला घेऊन आली होती. नवऱ्याचं चित्र बघून तिने फक्त "सरपणावर झाकलं त्यापरीस बरं झालंय" एवढंच म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला. पाहुणे हॉलमध्ये यायचे, भिंतीकडे बघायचे, आणि उसाचा मुलूखच तो, प्रत्येकाची जीभ वळवळायची. पण गेणबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. कुणी तोंड उघडायच्या आत, येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी कारखान्याच्या संचालकांनासुद्धा, ते स्वतःच खणखणीत आवाजात सांगत होते, "तुरा बघितला का? आमच्या मंडळीला लई आवडतोय. मुद्दाम काढून घेतलाय."

आत पंगतीसाठी पोळ्या दुरडीत भरणाऱ्या बनाबाईला हे दर वेळी ऐकू येत होतं. बायका तिला कोपराने डिवचत होत्या. तिने आधी नाही नाही म्हटलं, मग पोळ्यांची दुरडी फुलाबाईच्या हातात दिली, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर हॉलमध्ये येऊन सगळ्यांदेखत त्या भिंतीसमोर मांडी घालून बसली.